वाचकांचे प्रश्न : ५ सप्टेंबर आणि आंदीजच्या बंडातील स्त्रिया

गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही एक लहानशी चौकट छापली होती. ५ सप्टेंबर १७८२ रोजी दक्षिण अमेरिकेतील ला पास शहरात बार्तोलिना सिसा आणि ग्रेगोरिया आपासा या आयमारा नावाच्या आदिवासी समाजातील दोन स्त्रियांना, आंदीज पर्वताच्या मुलखात झालेल्या बंडात भाग घेतल्याबद्दल, स्पॅनिश सत्तेने फाशी दिले आणि त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आदिवासी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो, एवढाच तिचा मजकूर होता. पानावर जागा उरली म्हणून टाकलेल्या त्या चार ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. तुमची चौकट शिक्षक दिनाच्या निमित्ताने वर्गात वाचून दाखवली, तेव्हा अकोले तालुक्यातून येणाऱ्या मुली म्हणाल्या, "बाई, आदिवासी दिन तर ९ ऑगस्टला असतो." दोन्हींपैकी खरे काय? (संगमनेर)

उत्तर : मुलींचे म्हणणे बरोबर आहे आणि चौकटही चुकलेली नाही. ९ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये ठरवलेला जागतिक आदिवासी दिन आहे. १९८२ साली याच तारखेला राष्ट्रसंघाच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. ५ सप्टेंबर मात्र कोणत्याही सरकारी परिषदेतून आलेला नाही. बोलिव्हियात, ला पासच्या पश्चिमेला, तिवानाकू नावाच्या अतिप्राचीन नगराचे अवशेष आहेत. तेथे १९८३ साली अमेरिका खंडातील आदिवासी संघटनांचा मेळावा भरला आणि त्या मेळाव्याने बार्तोलिना सिसाच्या फाशीचा दिवस स्त्रियांसाठी निवडला. म्हणजे एक दिवस बैठकीची आठवण ठेवतो आणि दुसरा एका स्त्रीच्या मृत्यूची. आपल्याकडे ५ सप्टेंबरला शाळेत हार-फुलांची गडबड असते, त्यामुळे हा दुसरा अर्थ कानावर पडत नाही, हे साहजिक आहे.

प्रश्न : हे बंड नेमके कशासाठी होते? स्पेनची सत्ता तेथे अडीचशे वर्षे होती, मग १७८० सालीच भडका का उडाला? (कोल्हापूर)

उत्तर : भडका उडण्यासारखे साहित्य फार दिवसांपासून साठत होते. पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. पुढे १५७० च्या दशकात तोलेदो या व्हाइसरॉयने खाणींना मजूर मिळावेत म्हणून ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पाळीपाळीने पाठवण्याची सक्ती केली. तिला तेथे 'मिता' म्हणत. आपण तिला वेठबिगार म्हणू. या खाणींतून निघालेली चांदी अटलांटिक ओलांडून युरोपात आणि तेथून पुढे आशियात जात असे. सुरतेच्या टांकसाळीत वितळून रुपये झालेल्या चांदीत तिचाही वाटा होता. आपल्या पूर्वजांच्या कनवटीला लागलेल्या नाण्याशी या गोष्टीचा एवढा तरी संबंध आहे.

अठराव्या शतकात या वेठीवर आणखी एक ओझे आले. 'कोरेखिदोर' म्हणजे जिल्ह्याचा स्पॅनिश अंमलदार. तो खेचरे, कापड आणि लोखंडी अवजारे गावकऱ्यांवर मनमानी भावाने लादत असे आणि त्यांची रक्कम सक्तीने वसूल करत असे. मालाची गरज आहे की नाही, हे कोणी विचारत नसे. १७५० च्या दशकात या जुलमी विक्रीला कायद्याचीच मान्यता मिळाली. त्यानंतर विक्रीवरचा कर १७७२ मध्ये दोनवरून चार टक्क्यांवर आणि १७७६ मध्ये चारवरून सहा टक्क्यांवर गेला, वाटेवाटेवर जकात नाकी बसली आणि १७७९ पासून स्पेन इंग्लंडशी लढू लागल्यावर तिजोरीची भूक आणखी वाढली. (त्याच वर्षांत मराठेही इंग्रजांशी लढत होते, सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यातला.) या जकातींमुळे शेतकऱ्यांबरोबरच खेचरांच्या तांड्यांवर व्यापार करणारा मधला वर्गही दुखावला. बंडाचा पहिला पुढारी याच वर्गातला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याचे नाव होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी. आजच्या पेरूतील कुस्को शहराच्या दक्षिणेकडील सुरिमाना, तुंगासुका आणि पाम्पामार्का या गावांचा तो 'कुराका', म्हणजे वंशपरंपरागत वतनदार होता आणि त्याच्याकडे साडेतीनशेच्या आसपास खेचरे होती. १५७२ मध्ये स्पॅनिशांनी शिरच्छेद केलेल्या शेवटच्या इंका राजाचा आपण वंशज आहोत असे तो सांगे आणि त्या राजाचेच 'तुपाक आमारू' हे नाव त्याने धारण केले. ४ नोव्हेंबर १७८० रोजी त्याने आरियागा या कोरेखिदोरला पकडले आणि १० नोव्हेंबरला तुंगासुकाच्या चौकात हजारो लोकांसमोर फासावर चढवले. तेथून बंड पेटले.

प्रश्न : तुपाक आमारूच्या पत्नीला काही ठिकाणी 'सेनापती' म्हटले आहे, तर काही ठिकाणी 'पतीला साथ देणारी वीरपत्नी'. तिने प्रत्यक्ष लढाईत शस्त्र चालवले होते का? नसेल, तर तिला योद्धा म्हणणे योग्य आहे का? (पुणे; याच आशयाची आणखी चार पत्रे)

उत्तर : या प्रश्नासाठी जागा अधिक घेत आहोत, कारण बाकीचे सगळे प्रश्न याच्याभोवती फिरतात.

मिकाएला बास्तिदासचा जन्म १७४४ चा. १७६० मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास, तिचे होसे गाब्रिएलशी लग्न झाले आणि त्यांना इपोलितो, मारियानो व फेर्नांदो हे तीन मुलगे झाले. ती केचुआ ही तेथील आदिवासींची भाषा बोलणारी होती. तिला लिहिता येत नव्हते आणि तिची पत्रे लेखनिक उतरवून घेत. स्पॅनिश कागदांत तिच्या आफ्रिकी वंशाचाही उल्लेख येतो, त्यामुळे 'शुद्ध इंका राणी' अशी तिची जी प्रतिमा पुढे रंगवली गेली ती तिच्याच काळातील कागदांपुढे टिकत नाही.

१८ नोव्हेंबर १७८० रोजी सांगारारा येथे बंडखोरांनी स्पॅनिश फौजेचा धुव्वा उडवला. आश्रय घेतलेल्या सैनिकांसह तेथील चर्च जळाले आणि त्याचा आधार घेऊन कुस्कोच्या बिशपने तुपाक आमारूला धर्मबहिष्कृत केले. त्यानंतर कुस्कोवर थेट चाल करावी की आधी दक्षिणेकडे तितिकाका सरोवरापर्यंतचा मुलूख उठवावा, हा प्रश्न होता. तुपाक आमारू दक्षिणेकडे गेला. तुंगासुकाचे मुख्य ठाणे मिकाएलाच्या हाती राहिले आणि पुढचे काही आठवडे बंडाचा कारभार तिने चालवला.

हा कारभार म्हणजे काय, ते तिच्या पत्रांतून आणि तिच्या नावाने निघालेल्या हुकमांतून दिसते. गावागावांतून माणसे बोलावणे, त्यांच्यासाठी धान्य, कोकाची पाने, दारू आणि कापड मिळवणे, शस्त्रे व पैसा गोळा करणे, हेर पाठवणे, नदीवरचे पूल आणि डोंगरातील वाटा राखणे, टाळाटाळ करणाऱ्या कुराकांना दमात घेणे आणि मुलखातून जाणाऱ्या प्रत्येकाला दस्तक देणे किंवा नाकारणे, ही सगळी कामे तिच्याकडे होती. कोका नाही तर चार हजार मीटर उंचीवर माणूस दिवसभर चालत नाही, आणि दस्तक नाही तर शत्रूचा जासूद बिनदिक्कत निघून जातो. मराठी वाचकाला हे सांगण्याची खरे तर गरज नाही. रसद तुटली की फौज कशी बसते, हे आपण पानिपतावर शिकलो आहोत. आणि १७०० नंतरची सात वर्षे ताराबाईंनी औरंगजेबाशी जे युद्ध चालवले त्याचे मर्म घोड्यावरच्या चित्रापेक्षा सरदारांच्या नेमणुकांत आणि किल्ल्यांच्या बंदोबस्तात अधिक होते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

६ डिसेंबर १७८० चे तिचे पत्र प्रसिद्ध आहे. नवऱ्याला ती 'चेपे' या घरगुती नावाने हाक मारते आणि लगेच झाडायला लागते. तू मला दुःखाने मारणार आहेस. गावागावांत रमतगमत दोन दोन दिवस मुक्काम टाकतोस. शिपाई कंटाळतात आणि आपापल्या घरी निघून जातात. जेथे खायला काही नाही अशा गावांत थांबू नकोस हे मी किती वेळा बजावले, ताबडतोब कुस्कोकडे जा म्हणून सांगितले, आणि तू ते सगळे हलक्यात घेतलेस. आता माझ्याच्याने सहन होत नाही, मी स्वतः जाऊन शत्रूच्या हाती लागेन म्हणजे ते मला मारून तरी टाकतील. पत्राचा आशय असा आहे. यात जितका बायकोचा संताप आहे तितकाच युद्धाचा हिशोबही आहे. शेतकऱ्यांची फौज पगारी नसते, पेरणी-कापणीची वेळ आली की ती विरघळते, आणि लिमाहून शत्रूची कुमक येण्याआधी कुस्को घेतले नाही तर पुढे ते घेता येणार नाही, हे तिला दिसत होते.

घडले तसेच. तुपाक आमारूने कुस्कोला वेढा दिला तो डिसेंबरच्या अखेरीस, आणि जानेवारीच्या १० तारखेच्या सुमारास त्याला माघार घ्यावी लागली. तोपर्यंत शहराने तयारी केली होती आणि चिंचेरोचा कुराका पुमाकावा आपली माणसे घेऊन स्पॅनिशांच्या बाजूने उभा राहिला होता. तिच्या सल्ल्याप्रमाणे नोव्हेंबरातच चाल केली असती तर काय झाले असते, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. आमचे मत विचाराल तर शहर कदाचित पडले असते. पण तोफा व शिस्तबद्ध फौज नसताना ते राखणे कठीण गेले असते.

शस्त्र चालवण्याबद्दल सांगायचे तर मिकाएलाने रणांगणात तलवार घेऊन शत्रू कापल्याचे आम्ही लिहिणार नाही. ज्यांना योद्धा म्हणजे वार करणारा हात एवढेच अभिप्रेत आहे, त्यांनी तिला योद्धा म्हणू नये. परंतु स्पॅनिश न्यायाधीशांची व्याख्या इतकी अरुंद नव्हती. पुढे पकडली गेल्यावर तिच्यावर चाललेल्या खटल्यात साक्षीदारांनी सांगितले की तिचे हुकूम नवऱ्याच्या हुकमांपेक्षा कडक असत आणि लोक तिला अधिक भीत. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या मुख्य चौकात ज्या नऊ जणांना मारण्यात आले त्यांत ती होती, तिचा वीस वर्षांचा मुलगा इपोलितो होता, तिचा भाऊ आंतोनियो होता आणि सर्वांत शेवटी तुपाक आमारू होता, ज्याला आधी हे सगळे पाहायला लावले. तिची मान इतकी बारीक होती की गळा आवळण्याचे यंत्र चालेना, म्हणून दोर आणावे लागले. धाकटा फेर्नांदो दहा-बारा वर्षांचा होता; त्यालाही चौकात उभे केले आणि पुढे स्पेनला पाठवले. तेथेच १७९८ मध्ये तो वारला. 'साथ देणाऱ्या बायको'ला एवढी शिक्षा सहसा होत नाही.

त्याच चौकात त्याच दिवशी मेलेली दुसरी स्त्री तोमासा तितो कोंदेमायता होती. ती आकोस गावाची कुराका होती, म्हणजे नवऱ्याच्या नात्याने नव्हे तर स्वतःच्या वतनाच्या अधिकाराने बंडात आली होती. आंदीजमध्ये स्त्रीकडे कुराकापद असणे नवलाचे नव्हते. आपुरीमाक नदीवरचा पिल्पिंतोचा पूल तिने स्त्रियांची तुकडी घेऊन राखला, असे तेथील परंपरा सांगते.

प्रश्न : बार्तोलिना सिसा ही मिकाएलाची सहकारी होती का? ला पासच्या वेढ्यात तिचे काम काय होते? (नागपूर)

उत्तर : दोघींची भेट झाली नाही आणि दोघींचे जगही वेगळे होते. मिकाएला केचुआ मुलखातल्या वतनदाराच्या घरची, तर बार्तोलिना आयमारा मुलखातली. तिचा नवरा हुलियान आपासा कुराका नव्हता. तो कोका आणि जाडेभरडे लोकरी कापड विकत गावोगाव फिरणारा साधा माणूस होता. तुपाक आमारूकडून 'तुपाक' आणि १७८१ च्या जानेवारीत मारला गेलेला चायांताचा पुढारी तोमास कातारी याच्याकडून 'कातारी' घेऊन त्याने तुपाक कातारी हे नाव धारण केले. केचुआतील आमारू आणि आयमारातील कातारी या दोन्ही शब्दांचा अर्थ सर्प असाच होतो.

ला पासचा वेढा समजण्यासाठी जागा डोळ्यांसमोर आणली पाहिजे. शहर एका खोल वाडग्याच्या तळाशी आहे आणि वाडग्याच्या काठावर, चारपाचशे मीटर वर, पठार आहे. त्या काठावर जो बसेल त्याच्या परवानगीशिवाय शहरात दाणा जात नाही. १७८१ च्या मार्चच्या मध्यास आयमारा फौजांनी हा काठ धरला. कातारीची मुख्य छावणी पश्चिमेकडे एल आल्तो येथे होती. समोरच्या अंगाला पाम्पाहासी येथे दुसरी छावणी होती आणि तिचा कारभार बार्तोलिनाकडे होता. कातारी स्वतःला व्हाइसरॉय म्हणवी, त्यामुळे तिला 'विरेईना', म्हणजे व्हाइसरॉयीण म्हणत. कातारी इतरत्र गेला की संपूर्ण वेढ्याची सूत्रे तिच्या हाती येत. छावणीत बंदी असलेला मातियास बोर्दा नावाचा पाद्री होता. त्याने पुढे लिहिलेल्या वृत्तान्तातून या कारभाराची बरीच माहिती मिळते. तिला पकडण्यासाठी शहरातून पाठवलेल्या तुकडीला तिच्या लोकांनी मागे रेटले, अशीही हकीकत आहे.

वेढ्याचा पहिला भाग १०९ दिवस चालला. शहरातील लोकांनी खेचरे, कुत्री, मांजरे आणि शेवटी कातडी खाल्ली. हजारो माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली, आणि त्यांत मुले व गरीब नोकरचाकरही होते. त्या काठावरच्या पराक्रमाची ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. जूनच्या अखेरीस इग्नासियो फ्लोरेस याची स्पॅनिशांच्या बाजूची फौज आली आणि वेढा उठला. त्या धामधुमीत, २ जुलै १७८१ रोजी, माफीच्या आशेने आपल्याच काही लोकांनी बार्तोलिनाला स्पॅनिशांच्या हवाली केले. ऑगस्टमध्ये कातारीने पुन्हा वेढा घातला आणि तिच्या सुटकेसाठी खटपट केली, पण ती तुरुंगातच राहिली. ऑक्टोबरात दुसरी फौज आल्यावर हा वेढाही मोडला, नोव्हेंबरात कातारी फितुरीने पकडला गेला आणि १५ तारखेला पेन्यास येथे चार घोड्यांना बांधून त्याचा देह फाडण्यात आला. बार्तोलिना त्यानंतर आणखी जवळजवळ दहा महिने कोठडीत होती.

ग्रेगोरिया आपासा ही कातारीची धाकटी बहीण. तुपाक आमारूचा आंद्रेस हा विशीही न गाठलेला नातेवाईक त्याच्या मृत्यूनंतर बंडाचा एक सेनानी झाला होता. त्याच्याबरोबर तिने सोराता या नगराच्या वेढ्याचे काम पाहिले. सोराताने तटबंदी केली होती आणि बंडखोरांकडे तट फोडण्यासारख्या तोफा नव्हत्या. त्यांनी वरच्या बर्फाच्या डोंगरांतून येणारे पाणी बांध घालून अडवले, ते पुरेसे साठल्यावर बांध फोडला आणि लोंढ्याने संरक्षणाची फळी वाहून नेली. १७८१ च्या ऑगस्टच्या आरंभी नगर पडले. डोंगरउताराची शेती पिढ्यान्‌पिढ्या पाटाच्या पाण्यावर करणाऱ्यांना ही युक्ती सुचावी, यात नवल नाही. सोरातात नंतर कत्तल झाली, हेही खरे आहे.

प्रश्न : तुमची सगळी माहिती फाशी देणाऱ्यांच्या दप्तरातून आलेली दिसते. तिच्यावर विश्वास कसा ठेवावा? आदिवासींची स्वतःची परंपरा प्रमाण का मानू नये? (धुळे)

उत्तर : शंका रास्त आहे. जबान्या फाशीच्या सावलीत घेतल्या जातात. आरोपी आपला वाटा कमी करून सांगतो, फिर्यादी तो वाढवून मांडतो आणि मध्ये दुभाषा असतो. बार्तोलिनाच्या जबानीत, गोरा चेहरा नाहीसा होऊन इंडियन लोकांचेच (तेथील आदिवासींना स्पॅनिश लोक हेच नाव देत) राज्य यावे हा उठावाचा हेतू होता, अशा आशयाचे वाक्य आहे. ते तिचे म्हणून उद्धृत केले जाते, पण आयमारात बोललेले स्पॅनिशमध्ये उतरताना लेखनिकाची भीती त्यात किती मिसळली, ते मोजता येत नाही. ला पासचा सेनानी सेगुरोला याची रोजनिशी हाही वेढ्यात अडकलेल्या माणसाचा मजकूर आहे. तरीही मिकाएलाची पत्रे वेगळ्या जातीची आहेत. ती न्यायालयासाठी लिहिलेली नव्हती. ती युद्धाच्या धामधुमीत नवऱ्याला आणि गावकारभाऱ्यांना लिहिली गेली, शत्रूच्या हाती लागली आणि पुरावा म्हणून बांधून ठेवली गेली म्हणून टिकली. शत्रूने जपले नसते तर तिचा तो वैतागलेला आवाज आपल्यापर्यंत आलाच नसता.

परंपरेलाही स्थान आहे, फक्त ती परंपरा आहे असे सांगून. 'मी परत येईन आणि लक्षावधी होऊन येईन' हे तुपाक कातारीचे म्हणून भिंतींवर लिहिले जाणारे वाक्य त्या काळातील कागदपत्रांत नाही. पुढच्या पिढ्यांनी ते त्याच्या तोंडी घातले, आणि त्यांना ते का घालावेसे वाटले हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दोन पत्रांत 'सगळे आदिवासी एका बाजूला आणि गोरे दुसऱ्या बाजूला' असे गृहीत धरले आहे. तसे नव्हते. राजनिष्ठ फौजांत इंडियन शिपाई मोठ्या संख्येने होते आणि पुमाकावासारखे कुराका त्यांचे नेतृत्व करत होते. याच पुमाकावाने १८१४ मध्ये स्वतः स्पेनविरुद्ध उठाव केला आणि पुढच्या वर्षी त्यालाही देहान्त शिक्षा झाली.

प्रश्न : हुआना आसुर्दुई ही याच बंडातली का? (ठाणे)

उत्तर : नाही. तिचा जन्म १७८० चा, म्हणजे बंड पेटले तेव्हा ती पाळण्यात होती. ती पुढच्या पिढीतील स्वातंत्र्ययुद्धात लढली आणि १८१६ मध्ये तिला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. तिने प्रत्यक्ष घोड्यावरून लढाया केल्या आणि कदाचित त्यामुळेच तिची व मिकाएला-बार्तोलिनाची चित्रे एकमेकींत मिसळतात.

प्रश्न : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी बार्तोलिना सिसाचे खरे चित्र कोठे मिळेल? इंटरनेटवरच्या चित्रांत प्रत्येक चेहरा वेगळा आहे. (पुन्हा संगमनेर)

उत्तर : चेहरे वेगळे आहेत, कारण ते सगळे पुढच्या काळातील चित्रकारांनी कल्पनेने काढलेले आहेत. तिचे नाव मात्र आज जिवंत आहे. १९८० मध्ये बोलिव्हियातील शेतकरी स्त्रियांनी तिच्या नावाने महासंघ स्थापला, त्याच्या सदस्यांना तेथे सरळ 'बार्तोलिना' म्हणतात, आणि २००५ मध्ये बोलिव्हियाने कायदा करून तिला व कातारीला राष्ट्रवीर ठरवले.

मुलींनी चेहऱ्याऐवजी नकाशा काढावा, असे आम्ही सुचवू. मध्ये वाडग्यातले शहर दाखवावे, पश्चिमेच्या काठावर एल आल्तो आणि समोर पाम्पाहासी. त्यावर आणखी दोन नावे लिहावी लागतील, क्रुसपाता आणि आल्तो दे सान पेद्रो. ५ सप्टेंबर १७८२ च्या शिक्षेत बार्तोलिनाला घोड्याच्या शेपटीला बांधून चौकात नेण्याचा, फाशी देण्याचा आणि नंतर तिचे शिर व हात क्रुसपाता, आल्तो दे सान पेद्रो व पाम्पाहासी येथे खांबांवर लावण्याचा हुकूम होता. आणि या जागा का निवडल्या, त्याचे कारणही हुकमातच दिले होते : येथे तिने छावणी केली होती आणि येथे ती बंडखोरांच्या सभा चालवत असे.